बहुमत मिळालं, आता प्रश्न कोण विचारणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विधिमंडळाच्या अधिवेशनाची छायाचित्रं आपल्या अंकात येतात, तेव्हा अध्यक्षांच्या आसनाखाली एका टेबलाशी मान खाली घालून लिहिणारी माणसं कधीकधी कोपऱ्यात दिसतात. त्यांना प्रतिवेदक म्हणतात. सदस्य बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, पाळी संपली की आत जाऊन त्याचा मजकूर तयार करायचा आणि पुन्हा येऊन बसायचं, हे काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. त्या टेबलाला पक्ष नसतो. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक; आमच्या वहीत दोघांच्याही रेघोट्या सारख्याच वाकड्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून एका पक्षावर रोख आहे असं कुणी समजू नये. नावं सगळ्यांचीच येणार आहेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या राज्याचा निकाल लागला. २८८ पैकी २३० जागा भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी या तीन सत्ताधारी पक्षांना. समोर उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. वर दिल्लीतही याच आघाडीचं सरकार. तेव्हापासून ओळखीतल्या कार्यकर्त्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकते: ‘आता कामाला कुणाचा अडथळा नाही.’ डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेच्या ५१४ पैकी ४०४ जागा काँग्रेसला मिळाल्या, तेव्हा काँग्रेसचे कार्यकर्ते थेट हेच म्हणत होते. बोलणारे बदलले, उत्साह तोच.

मला मात्र त्या वाक्याची धास्ती वाटते. ज्याला हे लोक अडथळा म्हणतात, तो सभागृहात कसा चालतो आणि त्याचा फायदा कुणाला होतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

तारांकित प्रश्नाचंच घ्या, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्या प्रश्नाचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, आमदार उभा राहतो, चार शब्द विचारतो, मंत्री कागद वाचून दाखवतो, संपलं. पण तो प्रश्न स्वीकृत झाल्यापासून उत्तराच्या दिवसापर्यंत काय घडतं ते कुणाला दिसत नाही. प्रश्न संबंधित विभागाकडे जातो. विभागाचा कक्ष अधिकारी आयुक्तालयाला कळवतो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. जी फाइल वर्षभर कपाटात झोपलेली असते ती बाहेर येते. ‘काम पूर्ण आहे’ असा शेरा मारून मोकळं झालेल्या माणसाला ते खरंच पूर्ण आहे का, हे बघायला जावं लागतं, कारण सभागृहात चुकीची माहिती गेली तर हक्कभंग होऊ शकतो. मंत्र्यांसाठी उत्तराबरोबर एक टिपणी तयार होते, उपप्रश्न कुठून येतील, त्यांवर काय सांगायचं. त्या टिपणीसाठी सचिव स्वतः बसतात. प्रश्न सभागृहात पुकारला जावो न जावो (बहुतेक पुकारले जातच नाहीत, तास संपतो), तोवर अर्धं काम झालेलं असतं.

प्रश्न म्हणजे सरकारला स्वतःच्याच घरात काय चाललंय ते कळण्याची वाट असते. हे चांगल्या मंत्र्यांना पक्कं ठाऊक असतं. एक मंत्री मला आठवतात, नाव सांगत नाही, आता हयात नाहीत. सभागृहाबाहेरच्या मोकळ्या जागेत ते एका विरोधी सदस्याला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तेवढी लक्षवेधी लावा हो. मी सांगून थकलो, माझा विभाग हलत नाही.’ (लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांकडून निवेदन मागणारी सूचना.) दोन दिवसांनी त्याच विरोधी सदस्याने त्याच मंत्र्यांवर अशी काही आग पाखडली की बाकं दणाणली. मंत्री खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, महिन्याच्या आत कार्यवाही करतो. झालीही. आम्ही दोघांचंही भाषण इमानेइतबारे उतरवलं.

अशा विरोधकाची जागा रिकामी झाली, तर त्या मंत्र्यांनी बाजूला घ्यायचं कुणाला?

पूर्ण सत्ता मिळालेल्या पक्षाची पहिली जबाबदारी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी रस्ते, पाणी, वीज म्हणणार नाही. ती कामं तर कोणत्याही सरकारची असतातच; दोन मतांनी तगलेल्या सरकारचीही असतात. पूर्ण सत्तेची म्हणून जी वेगळी जबाबदारी आहे ती ही, की आपल्याला जाब विचारणारी व्यवस्था आपणच जिवंत ठेवायची. दुसरं कुणी ती ठेवू शकत नाही, तेवढं बळच दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नसतं.

विरोधी पक्षनेतेपदाचा घोळ याच संदर्भात पाहावा. निकालानंतर २०२५ चं अर्थसंकल्पी अधिवेशन आपल्या विधानसभेने विरोधी पक्षनेत्याविना पार पाडलं. कारण सांगितलं जातं दहा टक्क्यांचं. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९, आणि तेवढे सदस्य एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत. ऐकायला हे नियमासारखं वाटतं. पण राज्यघटनेत हे दहा टक्के नाहीत. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा जो १९७७ चा कायदा आहे, त्यातही नाहीत. तो कायदा एवढंच म्हणतो की, विरोधातला संख्येने सर्वांत मोठा पक्ष आणि त्याच्या नेत्याला पीठासीन अधिकाऱ्यांची मान्यता. दहा टक्क्यांची मोजपट्टी येते पहिले लोकसभाध्यक्ष मावळंकर यांच्या काळातून, आणि ती होती सभागृहात एखाद्या गटाला पक्ष म्हणून मान्यता कधी द्यायची यासाठी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा करणाऱ्यांना तर ही अडचण आधीच दिसली होती. माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता असावा असं लिहून त्यांनी खाली स्पष्टीकरण जोडलं की, मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तोच समजावा. थोडक्यात, मार्ग आहे. द्यायचं मन हवं.

१९७७ च्या त्या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तो केला जनता पक्षाच्या सरकारने. आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेली माणसं सत्तेवर होती, समोर विरोधी बाकावर होती ती ज्यांनी तुरुंगात टाकलं त्या पक्षाची. आणि त्या कायद्याने ज्यांना पहिल्यांदा मंत्र्याच्या बरोबरीचा दर्जा मिळाला ते लोकसभेतले विरोधी पक्षनेते होते आपले यशवंतराव चव्हाण. सूड घ्यायला याहून सोयीची वेळ कुठली होती? पण त्यांनी समोरच्याला खुर्ची दिली, कार्यालय दिलं, पगार दिला.

पुढे १९८० ते १९८९ अशी नऊ वर्षं काँग्रेसच्या राज्यात लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४ खासदार आले आणि २०१९ मध्ये ५२. तेव्हा भाजपने त्याच दहा टक्क्यांकडे बोट दाखवलं. ज्याच्या हाती असतं तो मोजपट्टी काढतो, ज्याच्या हातून गेलेलं असतं तो परंपरा काढतो. याला सन्माननीय अपवाद दिल्लीचा. २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला मिळाल्या, भाजपला उरल्या तीन. तीन सदस्य असलेल्या पक्षाचे विजेंद्र गुप्ता विरोधी पक्षनेते झाले. त्यामुळे सरकारचं काय बिघडलं? उलट विरोधकाला पद दिल्याचं श्रेय पाच वर्षं मिरवता आलं.

मात्र त्याच पक्षाने नंतर सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांचे अहवाल सभागृहापुढे आणायचे टाळले. चौदा अहवाल साठून राहिले, उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कानउघाडणी केली आणि ते पटलावर यायला सरकार बदलावं लागलं. विरोधकाला खुर्ची द्यायची आणि त्याने वाचायचा कागद मात्र दाबून ठेवायचा, हा उदारपणाचा वेगळाच प्रकार झाला. आपल्याकडे अहवाल येतात, पण कधी येतात ते विचारा. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सदस्यांच्या गाड्यांमध्ये बॅगा चढलेल्या असताना. कुणीही सत्तेवर असो, ही रीत मी बदललेली पाहिली नाही. चर्चा व्हायची तर पुढच्या अधिवेशनात, आणि तोवर वर्तमानपत्रंही तो आकडा विसरलेली असतात. (रागावू नका. तुम्ही विसरत नसाल, पण जागा विसरते.)

आता ज्या मुद्द्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तो सांगते. सगळी चर्चा विरोधकांच्या ४६ आमदारांभोवती फिरते. मला चिंता उरलेल्यांची आहे.

९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणला. आपल्याकडे म्हणजे जास्तीत जास्त ४३ मंत्री. २३० मधून ४३ वजा करा. निदान १८७ सत्ताधारी आमदार असे आहेत जे मंत्री नाहीत. ते सरकार नाहीत. घटनेने मंत्रिमंडळाला विधानसभेला जबाबदार धरलंय, आणि त्या विधानसभेत हे १८७ जण येतात. म्हणजे सरकारने ज्यांना हिशेब द्यायचा त्यांतला सर्वांत मोठा गट हाच. निवडून आल्याच्या दिवसापासून मात्र आपण त्यांना सरकारचे लोक म्हणतो आणि तेही स्वतःला तसंच समजतात. बाकावर बसतात, मंत्र्यांच्या भाषणाला बाक वाजवतात, मतदानाला हात वर करतात. प्रश्न विचारलाच तर सुरुवात अशी की, ‘माननीय मंत्री महोदयांनी अतिशय उत्तम काम केलं आहे, त्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो आणि एवढंच विचारू इच्छितो...’ ही वाक्यं उतरवून घेताना पेन्सिल आपोआप चालते. लघुलिपीत त्याला जवळजवळ एकच खूण पुरते.

असं पूर्वीपासून नव्हतं. दुसऱ्या लोकसभेत काँग्रेसचे ४९४ पैकी ३७१ सदस्य होते. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता तेव्हाही नव्हता. आयुर्विमा महामंडळ नुकतंच, १९५६ मध्ये, स्थापन झालं होतं. त्यातला लोकांचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांच्या समभागांत कसा गेला, हे डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत उघड करणारा खासदार सत्ताधारी बाकांवर बसत होता. तो पंतप्रधानांचा जावई होता. फिरोज गांधी. सरकारने न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमली, ती उघड्यावर, लोकांसमोर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. नेहरूंचं सरकार त्याने पडलं का? नाही. पुढची निवडणूकही काँग्रेस जिंकली.

आज कुणी म्हणेल, व्हीप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) असतो, पक्षांतरबंदी आहे, बिचारे आमदार काय करणार. पक्षांतरबंदीचा कायदा आला १९८५ मध्ये, चारशेहून अधिक जागांच्या काँग्रेस सरकारच्या पहिल्याच महिन्यांत, आणि आयाराम-गयाराम थांबवायचा त्याचा हेतू चांगलाच होता (किती थांबले ते आपण महाराष्ट्रात राहतो, त्यामुळे सांगायला नको). पण तो कायदा म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, ती वाचून पाहा. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. बोलण्याबद्दल, प्रश्नाबद्दल, लक्षवेधीबद्दल त्यात अक्षर नाही. सत्ताधारी आमदाराने उभं राहून ‘माझ्या मतदारसंघातली ही योजना कागदावरच आहे’ असं सांगितलं तर कायदा त्याचं काही वाकडं करत नाही. जे करतात ते पक्षाचे लोक करतात, पुढच्या तिकिटाच्या वेळी. म्हणून ही जबाबदारी आमदाराच्या आधी पक्षाची आहे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की, आदेश मोडल्याची शिक्षा विश्वास किंवा अविश्वास ठरावावरच्या मतदानापुरती ठेवावी. दोनशे तीस जागा असलेल्या आघाडीला यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. इतर विधेयकांवर व्हीप काढायचाच नाही, एवढं ठरवलं तरी झालं. सत्तर-ऐंशी जण फिरले तरी सरकार पडत नाही. एवढं मोठं बहुमत दुसऱ्या कुठल्या कामाला येणार?

ब्रिटनमधलं एक ताजं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. त्याच महिन्यात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या गरीब कुटुंबांच्या भत्त्यावरची मर्यादा उठवा, या दुरुस्तीच्या बाजूने पक्षाच्या सात खासदारांनी मत दिलं. पक्षाने सातही जणांना संसदीय गटातून निलंबित केलं. एवढ्या बहुमताला सात मतांनी ओरखडाही उठला नसता. पुढे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने ती मर्यादा उठवत असल्याचं जाहीर केलं. जे ऐकायचंच होतं ते आधी बोलल्याबद्दल शिक्षा. मधली सव्वा वर्षं त्या मुलांची गेली.

विधेयकांच्या घाईबद्दल फार लिहीत नाही, सर्वांनी पाहिलं आहे. तीन कृषी कायद्यांपैकी दोन २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, विरोधक मतविभागणी मागत असताना. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेविना संमत केलं. येताना मतविभागणी नाही, जाताना चर्चा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात देशाचे फौजदारी कायदे बदलणारी तीन विधेयकं मंजूर झाली. आपल्याकडे महाविकास आघाडीने जुलै २०२१ मध्ये दोन दिवसांच्या अधिवेशनात भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव घटनाबाह्य ठरवला, निलंबन त्या अधिवेशनापलीकडे नेता येत नाही म्हणून. ज्यांना तेव्हा बाहेर बसवलं होतं ते आता आत आहेत, आणि ज्यांनी बसवलं होतं ते सभात्याग करतात. एक गोष्ट सध्याच्या राज्य सरकारच्या बाजूने नोंदवते: जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडल्यावर ते लगेच मंजूर न करता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, थोडे बदलही झाले. विधेयक चांगलं की वाईट हा वाद वेगळा. पण जे एका वादग्रस्त विधेयकासाठी जमलं ते इतरांसाठी का जमू नये? पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्यात १६ टक्के. समितीत बंद दाराआड, कॅमेरा नसताना, सत्ताधारी सदस्यही मोकळं बोलतो. खुल्या सभागृहात जो बाक वाजवतो तोच तिथे सचिवांना घाम फोडतो.

कुणी अडवायला नसलं की काय होतं, ते श्रीलंकेत जाऊन पाहावं. ऑगस्ट २०२० मध्ये राजपक्षे यांच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या. भाऊ राष्ट्राध्यक्ष, भाऊ पंतप्रधान. ऑक्टोबरमध्ये विसावी घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवले. २०२१ च्या उन्हाळ्यात एका फर्मानाने रासायनिक खतांची आयात बंद, सगळा देश सेंद्रिय शेतीवर. भाताचं काय होईल, चहाचं काय होईल, हे शेतकऱ्याला आणि कृषितज्ज्ञाला ठाऊक होतं. ते ज्यांच्यामार्फत वर पोहोचायचं त्यांना विचारण्याची सवय राहिली नव्हती. नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. २०२२ च्या एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्ज फेडता येत नाही असं जाहीर केलं आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. एकट्या खतबंदीने हे झालं नाही, करकपात होती, कर्ज होतं, पर्यटन बंद पडलं होतं. पण चुकीच्या निर्णयाला वेळेवर ‘थांबा’ म्हणणारा कुणी नव्हता, हे सगळ्यांत समान होतं.

आणखी एक. पूर्ण सत्ता आली की ‘मागच्या सरकारने’ या दोन शब्दांवरचा हक्क संपतो. केंद्र तुमचं, राज्य तुमचं, महापालिकेवर प्रशासकही तुम्हीच नेमलेला होता. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. तो बसला तेव्हा एक सरकार होतं, राहिला तेव्हा दुसरं. नगरसेवक नव्हता, स्थायी समिती नव्हती, सगळा कारभार मंत्रालयाच्या इशाऱ्यावर. मग खड्ड्याचं खापर कुणावर फोडायचं? मी नोकरीत असताना ‘मागच्या सरकारने’ हे शब्द जितक्या वेळा लिहिले तितक्या वेळा स्वतःची सहीसुद्धा केली नसेल.

जागांचा आकडा डोक्यात जातो, त्याला मतांचा आकडा हा उतारा आहे. १९८४ चं ते ४०४ चं बहुमत निम्म्याहून थोड्या कमी मतांवर होतं, आणि पाचच वर्षांत काँग्रेस १९७ वर आली. आंध्रात जगनमोहन रेड्डी यांच्या पक्षाला २०१९ मध्ये १७५ पैकी १५१ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये ११. तेव्हा ११ आमदार घेऊन विरोधी पक्षनेतेपद मागायची वेळ त्यांच्यावर आली, आणि समोरून दहा टक्क्यांचा नियम सांगितला गेला.

अशी माणसंही होऊन गेली ज्यांनी बहुमताने स्वतःचेच हात बांधून घेतले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षं केली होती. जनता सरकारने १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाच केली, म्हणजे स्वतःचंच एक वर्ष सोडलं. आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, आणि जगण्याचा हक्क कुठल्याही परिस्थितीत स्थगित करता येणार नाही असं करून ठेवलं. राज्यसभेत काँग्रेसचं बळ जास्त होतं, तेव्हा त्यांच्याशी बोलूनच हे झालं. ते सरकार आपसातल्या भांडणात पडलं, हेही तितकंच खरं. पण ते कलम आजही आपल्या अंगावर कवच म्हणून आहे. आपल्या राज्यातही १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा होत्या. त्याच काळात दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, विरोधकांनी मोर्चे काढून आणि सभागृहात भांडून ती घट्ट करून घेतली, आणि १९७७ च्या कायद्याला दोन्ही सभागृहांनी एकमताने मान्यता दिली. तो वाद ज्यांनी उतरवून घेतला त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाताखाली मी शिकले. मोठ्या बहुमताचं सरकार आणि भांडकुदळ विरोधक एकत्र आले की काय होतं हे सांगताना त्यांना त्याच कायद्याचं नाव आठवायचं.

पत्र लांबलं आहे, कात्री तुमच्या हातात. फक्त शेवटचा भाग छापता आला तर छापा. पुढच्या अधिवेशनाआधी कामकाज सल्लागार समितीची बैठक होईल. तिथे सत्ताधाऱ्यांनी तीन गोष्टी आपणहून मांडाव्यात: विरोधी पक्षनेत्याला, सदस्य किती का असेनात, मान्यता मिळावी अशी विनंती अध्यक्षांना करणं, महालेखापालांचे अहवाल पहिल्या आठवड्यात पटलावर ठेवून त्यांवर त्याच अधिवेशनात एक पूर्ण दिवस देणं, आणि पुरवणी मागण्यांवर (म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चावर) सत्ताधारी सदस्यांसाठी वेगळा वेळ, ज्यात अभिनंदनाला मनाई असेल. जुलै २०२५ मध्ये ५७ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या. त्या पुस्तिकेतलं एखादं पान उघडून ‘हा खर्च मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडताना का दिसला नाही’ एवढं तरी त्या १८७ पैकी कुणीतरी विचारावं. उत्तर उतरवून घ्यायला टेबलाशी माझ्यानंतरची मुलं बसलेली आहेतच.

आपली,
एक निवृत्त प्रतिवेदक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)